तक्ता बरोबर आहे, वाचला उलटा गेलाय

वाचकाचं पत्र

मी कोल्हापुरातल्या एका खासगी रुग्णालयात स्टाफ नर्स आहे आणि नोकरी सांभाळून एम.एस्सी. नर्सिंग करते. प्रबंधासाठी एप्रिल २०२१ ते जानेवारी २०२२ या काळात आमच्याकडे दाखल झालेल्या कोरोनाबाधितांचे केस पेपर काढले. वय, लिंग, शिक्षण, व्यवसाय, गाव की शहर आणि लस घेतली होती का, एवढं मास्टर चार्टमध्ये, म्हणजे सगळ्या रुग्णांच्या एकत्र तक्त्यात, भरलं. दाखल झालेल्यांपैकी निम्म्याहून जास्त जणांनी किमान एक डोस घेतलेला निघाला. लॅपटॉप उघडा राहिला होता. थोरल्या दिरांनी त्या तक्त्याचा फोटो काढून भावकीच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "बघा, दवाखानाच सांगतोय, लस घेतलेलीच माणसं आजारी पडली."

माझे सासरे ७१ वर्षांचे होते. एप्रिल २०२१ मध्ये पहिल्या डोसला त्यांना मीच नेलं होतं. आठव्या दिवशी ताप आला, आमच्याच रुग्णालयात दाखल केलं, आणि ते गेले. सासूबाईंनी मला कधी बोल लावला नाही. पण परवा तो फोटो बघून एवढंच म्हणाल्या, "म्हणजे नेलं नसतं तर…"

प्रबंधात मी आता काय लिहू? घरी काय सांगू? आणि सासऱ्यांचा केस पेपरही माझ्या चार्टमध्ये आहे, तो ठेवू की काढून टाकू?

एक वाचक, कोल्हापूर

उत्तर

ताई, आधी तो फोटो ग्रुपवरून काढायला लावा, बाकीचं मागाहून. तक्त्यात नावं नसली तरी तो रुग्णालयाच्या नोंदींवरून तयार झालाय, आणि नीतिसमितीने परवानगी दिली ती अभ्यासाला, भावकीला नव्हे. तुमच्या गाइडना आजच फोन करून झाला प्रकार सांगा. दुसऱ्या कुणाकडून त्यांच्या कानावर जाण्यापेक्षा तुमच्याकडून गेलेलं बरं. मास्टर चार्टमध्ये आयपीडी नंबर (दाखल रुग्णांचे नोंदणी क्रमांक) असतील तर ते वेगळ्या फाइलीत काढून ठेवा. आणि लॅपटॉपला पासवर्ड घाला, दीर कितीही घरचे असले तरी.

आता तक्ता. तुमची मोजणी चुकलेली नाही, ती वाचणारा चुकलाय. कोल्हापुरात अपघात होऊन दवाखान्यात येणाऱ्या बहुतेकांच्या पायात चप्पल असते, म्हणून चपलेमुळे अपघात होतात असं कुणी म्हणत नाही. कारण गावात चप्पल घालणारेच जास्त, हे सगळ्यांना ठाऊक असतं. लसीच्या बाबतीत नेमकी हीच गोष्ट माणूस विसरतो.

आकड्यांतच बघू. एक गाव समजा, आकडे मी सोयीचे घेतोय. साठीपुढची १,००० माणसं. त्यातल्या ९०० जणांनी लस घेतली, १०० जणांनी नाही. न घेतलेल्या १०० पैकी १० जण दवाखान्यात दाखल झाले, घेतलेल्या ९०० पैकी १८. तुम्ही वॉर्डात उभ्या राहून मोजलंत तर २८ रुग्ण आणि त्यातले १८ लस घेतलेले, म्हणजे ६४ टक्के. दिरांचा फोटो तयार! तेच गावात उभं राहून मोजलं तर न घेतलेल्यांत शंभरात दहा आणि घेतलेल्यांत शंभरात दोन. धोका पाचपटीने कमी. गावाने हजारातल्या हजार जणांना लस दिली असती तर दाखल झालेला प्रत्येक जण लस घेतलेलाच निघाला असता.

तुमच्या चार्टमध्ये गाव नाही, फक्त वॉर्ड आहे. शंभरात किती हे काढायला खाली जो आकडा लागतो, म्हणजे लस घेतलेले आणि न घेतलेले एकूण किती, तोच तुमच्याकडे नाही. त्यामुळे लस लागू पडली की नाही हे तुमचा अभ्यास सांगूच शकत नाही, कोणत्याही बाजूने. दिरांच्या बाजूनेही नाही आणि, हे नीट लक्षात घ्या, तुमच्या बाजूनेही नाही. ‘लस घेतलेल्यांचा एचआरसीटी स्कोर (छातीच्या स्कॅनवरून फुफ्फुसं किती बाधित झाली त्याचा आकडा) कमी आला, म्हणजे लस प्रभावी’ असं लिहायचा मोह होईल. तेही सांभाळून.

दिरांसारखीच चूक अख्ख्या जगाने एकदा करून बघितली आहे. १५ ऑगस्ट २०२१ ला इस्रायलमध्ये ५१५ गंभीर रुग्ण दाखल होते आणि त्यातल्या ३०१ जणांचे दोन्ही डोस झालेले होते. ‘५८ टक्के लसवाले’ ही बातमी जगभर फिरली. पुढे अभ्यासकांनी लोकसंख्येचे आकडे खाली घेऊन हिशेब मांडला, तेव्हा सरसकट सगळ्यांचं मिळून गंभीर आजारापासूनचं संरक्षण साधारण ६७ टक्के निघालं. आणि पन्नाशीच्या आतले नि पुढचे वेगळे काढले, तर तेच संरक्षण अनुक्रमे सुमारे ९२ आणि ८५ टक्के! दोन्ही भागांत जास्त आणि बेरजेत कमी, हे वाचताना डोकं गरगरतं. पण त्यामागे एवढंच आहे की तिथल्या म्हाताऱ्या माणसांनी जवळजवळ सगळ्यांनी लस घेतली होती आणि गंभीर आजारही म्हाताऱ्यांनाच जास्त होतो. न घेतलेल्यांत तरुणांची भरती होती, ते तसेही कमी आजारी पडायचे. वय न बघता तुलना केली की तुम्ही लस आणि बिनलस यांची तुलना करत नसता, आजोबा आणि नातवाची करत असता.

आपल्याकडे तर लस दिलीच वयाच्या क्रमाने. १६ जानेवारी २०२१ ला आरोग्य कर्मचारी, त्या रांगेत तुम्हीही असाल. १ मार्चला साठीपुढचे आणि ४५ ते ५९ मधले सहव्याधी असलेले. १ एप्रिलला ४५ पुढचे सगळे, १ मेला १८ पुढचे. त्या सहव्याधींची वीस आजारांची यादी होती, म्हणजे ज्यांचं हृदय, किडनी किंवा साखर आधीच बिघडलेली, त्यांना लस आधी मिळाली. आणि दाखल व्हायची वेळही त्यांच्यावरच जास्त येणार होती. तुमच्या वॉर्डात लस घेतलेले भरपूर दिसतात, त्याचं निम्मं उत्तर या क्रमातच आहे.

म्हणून चार्टमध्ये आणखी दोन रकाने वाढवा: दाखल झाल्याची तारीख आणि त्या दिवशी हा माणूस लसीला पात्र होता का. काम कंटाळवाणं आहे, पण माझ्या मते तुमच्या अख्ख्या प्रबंधाचा जीव या दोन रकान्यांत आहे. कारण ‘लस घेतली नाही’ हा तुमचा एक रकाना असला तरी आत बसलेली माणसं एका जातीची नाहीत. २० एप्रिल २०२१ ला दाखल झालेला तीस वर्षांचा पोरगा ‘नाही’मध्ये आहे, पण त्याला लस घ्यायची सोयच नव्हती. मे महिन्यात दाखल झालेला त्याचा भाऊ कागदोपत्री पात्र होता. पण १ मेला दार उघडलं आणि लशी पुरेनात म्हणून दोन आठवड्यांच्या आत महाराष्ट्राने १८ ते ४४ चं लसीकरण थांबवून साठा ४५ पुढच्यांच्या दुसऱ्या डोसकडे वळवला. जूनच्या उत्तरार्धात ते पुन्हा मार्गी लागलं. त्या भावाला तुम्ही ‘लस नाकारली’ म्हणणार का?

‘एकच डोस’वाल्यांचंही तसंच. कोविशील्डच्या दोन डोसमधलं अंतर १३ मे २०२१ ला १२ ते १६ आठवडे झालं. एप्रिलअखेर पहिला डोस घेऊन जूनमध्ये दाखल झालेली बाई डोस चुकवणारी नव्हती, सरकारने सांगितलं तेवढी थांबली होती. आणि तुमचा अभ्यास बाधितांचा आहे म्हणून आणखी एक: १९ मे २०२१ पासून नियम असा होता की कोरोना होऊन गेलेल्याने बरं झाल्यावर तीन महिने लस घ्यायची नाही. आधी एकदा पॉझिटिव्ह येऊन, थांबलेला असताना पुन्हा दाखल झालेला कुणी तुमच्या यादीत असेल, तर तो ‘नाही’मध्ये दिसेल आणि प्रत्यक्षात नियम पाळणारा असेल. जुन्या संसर्गाची नोंद केस पेपरवर असेल तर तीही घ्या.

ही नोंद झाली कशी, हेही पद्धतीच्या प्रकरणात लिहा. ऑक्सिजनवर असलेल्या माणसाच्या पोराला कॅज्युअल्टीत विचारलं, "लस झालीय?" आणि तो म्हणाला, "व्हय, सुई घेतलीय परवा." ती सुई गल्लीतल्या डॉक्टरची तापाची होती की आरोग्य केंद्रातली? मोबाइलवर प्रमाणपत्र बघून भरलेली नोंद आणि तोंडी ऐकून भरलेली नोंद यांना वेगळी खूण करा. कोरा रकाना म्हणजे ‘नाही’ नव्हे. तो ‘नोंद नाही’ म्हणूनच ठेवायचा.

एवढं केलंत की तुमच्या हातात जे उरेल ते खरं मोलाचं आहे, आणि ते वाचायला मला आवडेल. लस कितपत लागू पडली हा प्रश्न इतरांनी सोडवलाय. वेल्लोरच्या सीएमसीने (ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने) आपल्याच दहा हजारांवर कर्मचाऱ्यांचा हिशेब मांडला. किती जणांनी घेतली, किती जणांनी नाही, हे आस्थापनेकडे माणूस न माणूस लिहिलेलं होतं, म्हणून त्यांना जमलं. दोन डोस झालेल्यांत संसर्गापासून ६५ टक्के, दाखल होण्यापासून ७७, ऑक्सिजनपासून ९२ आणि आयसीयूपासून ९४ टक्के संरक्षण, असं २०२१ च्या लाटेत दिसलं. तुमचा चार्ट वेगळं सांगू शकतो: ज्यांच्यावर दवाखान्यात यायची वेळ आली, त्यांच्यापर्यंत लस आधी का पोचली नव्हती.

तेव्हा ‘व्यवसाय’ रकान्यात नुसतं ‘मजूर’ लिहून मोकळं होऊ नका. इचलकरंजीच्या लूमवर मीटरच्या हिशेबाने पैसे मिळतात. डोसच्या दुसऱ्या दिवशी अंग मोडून आलं तर त्या दिवसाची मजुरी बुडाली. एवढा विचार करून डोस पुढे ढकलणारा माणूस अडाणी नाही, त्याने हिशेब केलाय. कागल किंवा शिरोलीच्या एमआयडीसीत मोठ्या कारखान्यांनी शिबिरं घेतली, पण तिथला कंत्राटी कामगार त्या यादीत होता का? ऊसतोडीचं तर विचारूच नका. बीडकडून टोळी निघते ती दिवाळीच्या मागेपुढे. पहिला डोस तिकडच्या गावात, दुसऱ्याची तारीख आली तेव्हा कोयता इथल्या फडात, मोबाइल नंबर मुकादमाचा. आशाताई खोपीपर्यंत जाऊन पोचल्या म्हणून कितीतरी जणांचा दुसरा डोस झाला. नोव्हेंबर २०२१ मध्ये ‘हर घर दस्तक’ सुरू झाल्यावर तर दारोदार जाणं हेच काम झालं. तुमच्या रुग्णांत नोव्हेंबरआधीचे आणि नंतरचे मजूर वेगळे काढून बघा. फरक दिसला तर तो लिहिण्यासारखा आहे, नाही दिसला तरी लिहिण्यासारखा आहे.

बायकांचंही थांबून बघा. २०२१ च्या मध्यापर्यंत देशभर दिलेल्या डोसमध्ये बायकांचा वाटा पुरुषांपेक्षा कमी होता. फोन नवऱ्याचा, ओटीपी त्याच्या फोनवर, पाळीत लस घेऊ नये ही अफवा गल्लोगल्ली. अंगावर पाजणाऱ्या आयांना परवानगी मिळाली १९ मे २०२१ ला आणि गरोदर बायकांना २ जुलैला. त्याआधी दाखल झालेली गरोदर बाई तुमच्या चार्टमध्ये असेल तर तिच्या ‘नाही’पुढे ‘पात्र नव्हती’ असंच येणार. वॉर्डात पुरुष जास्त दिसतील. पण घरात दोघांना ताप असताना गाडीत आधी कुणाला बसवलं गेलं, हे केस पेपरवर नसतं. म्हणून ‘पुरुषांना संसर्ग जास्त’ असं लिहू नका, ‘दाखल झालेल्यांत पुरुष जास्त’ असं लिहा.

गाव-शहर या रकान्याचे दोन भाग मला अपुरे वाटतात. करवीरमधलं पंचगंगेकाठचं गाव आणि चंदगड-शाहूवाडीतला धनगरवाडा दोन्ही तुमच्याकडे ‘ग्रामीण’च. पहिल्या गावातून लसीकरण केंद्र दहा मिनिटांवर, दुसऱ्यातून निम्मा दिवस. मे महिन्यात तर तरण्या लोकांना मोबाइलवर स्लॉट पकडावा लागायचा, मग शहरातली बोटं चपळ असलेली पोरं गाडी काढून लांबच्या आरोग्य केंद्रावर जाऊन टोचून यायची आणि त्या गावची माणसं दारातून बघायची. आणि जुलै २०२१ चा महापूर विसरू नका. २२ जुलैनंतरचे काही दिवस रस्तेच पाण्याखाली होते, लसीकरण कुठलं घेऊन बसलाय. तालुका लिहा, जमल्यास केंद्रापासूनचं अंतर.

शिक्षणाबद्दल एवढंच की तो आकडा वयाशिवाय वाचू नका. तुमच्या यादीतले कमी शिकलेले बहुतेक वयस्करच असणार. गाइड म्हणतील, एकेका घटकाची काय-वर्ग चाचणी (गटांतला फरक निव्वळ योगायोगाचा आहे का ते तपासणारी) लावा. लावा, पण तेवढ्यावर थांबू नका. सगळे घटक एकत्र घेऊन लॉजिस्टिक रिग्रेशन (एकेका घटकाचा परिणाम बाकीच्यांपासून वेगळा काढणारं गणित) करायला सांख्यिकीवाल्या सरांची मदत मागा, आणि फक्त पात्र असलेल्यांवरच करा. निष्कर्षात वाक्य साधारण असं येऊ द्या: ‘दाखल झालेल्या, लसीस पात्र असलेल्या रुग्णांमध्ये अमुक गटातील लसीकरण अमुक गटापेक्षा कमी आढळले, हा अभ्यास लसीची परिणामकारकता मोजत नाही.’ शेवटचं उपवाक्य ठळक करा. पुन्हा कुणी फोटो काढलाच तर ते फोटोत यायला हवं.

दिरांशी ग्रुपवर वाद घालू नका. तिथे कुणी हरत नसतं. समोर बसवा, चहा द्या आणि वरच्या गावाचं गणित त्यांच्याच हाताने कागदावर मांडायला लावा. पुढचा मेसेज बहुधा तरण्याताठ्या पोरांच्या अचानक मृत्यूचा येईल, त्याचीही तयारी ठेवा. आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) १८ ते ४५ वयोगटातल्या अशा मृत्यूंचा देशातल्या ४७ रुग्णालयांतून अभ्यास केला. लसीमुळे धोका वाढलेला आढळला नाही, दोन डोस घेतलेल्यांत तो कमीच होता. धोका वाढलेला दिसला तो कोरोनाने पूर्वी दाखल झालेल्यांत, घरात असा मृत्यू आधी झालेल्यांत, आणि आदल्या दोन दिवसांत अतिदारू किंवा अतिव्यायाम झालेल्यांत.

सासूबाईंना यातला एकही आकडा सांगू नका. त्यांनी आकड्याचं विचारलेलंच नाही.

त्यांना काय सांगायचं हे ठरवण्याआधी तुमचं स्वतःचं पक्कं असू द्या. कोविशील्ड असो की कोव्हॅक्सिन, दोन्हींत कोरोना देऊ शकेल असा जिवंत विषाणू नाही. पहिल्या डोसनंतर संरक्षण तयार व्हायला दोन-तीन आठवडे लागतात, सासऱ्यांना आठव्या दिवशी ताप आला. विषाणू शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत दोन ते चौदा दिवस जाऊ शकतात. तो डोसच्या आधी शिरला, रांगेत शिरला की नंतर घरात, हे आता कुणालाच सांगता येणार नाही, आणि तुम्हीही शोधत बसू नका. लसीने माणूस कधीच दगावत नाही असंही मी म्हणणार नाही. ८ मार्च २०२१ ला डोस घेतलेल्या एका ६८ वर्षांच्या गृहस्थांचा मृत्यू तीव्र अ‍ॅलर्जीने झाल्याचं लसीनंतरच्या दुष्परिणामांचा तपास करणाऱ्या राष्ट्रीय समितीनेच मान्य केलं. कोविशील्डच्या जातीच्या लसीनंतर प्लेटलेट घटून गुठळी होण्याचेही फार क्वचित प्रसंग घडले. पण ती अ‍ॅलर्जी बहुधा पहिल्या अर्ध्या तासात येते, म्हणून तर केंद्रावर तेवढा वेळ बसवून ठेवायचे. सासऱ्यांच्या केस पेपरवर आरटीपीसीआर पॉझिटिव्ह असेल आणि स्कॅनमध्ये न्यूमोनिया असेल, तर ते कोरोनाने गेले. नर्स म्हणून हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. सून म्हणून पटत नसेल.

आणखी एक. मी वर १ मार्च ही तारीख लिहिली आहे. ‘तेव्हाच पात्र होते, मग महिनाभर आधी का नेलं नाही’ असा हिशेब तुम्ही रात्री मांडाल. त्या महिन्यात घरोघर माणसं कुणाला ताप आला, कुणाला काय झालं हे बघत थांबली होती, आणि तुम्ही ड्युटीवर होता. पात्र झाल्यापासून डोसपर्यंत किती दिवस गेले हा रकाना चार्टमध्ये हवा तर घाला, तिथे त्याचा उपयोग आहे. घरात नाही.

सासूबाईंजवळ बसून एवढंच सांगा: "आई, लस लागू व्हायच्या आधीच आजाराने गाठलं. त्या दिवशी त्यांना नेणं बरोबरच होतं, आणि आजही मी नेलं असतं." ‘नेलं नसतं तर’ला दुसरं खरं उत्तर नाही. त्यांना कदाचित तुम्हाला दोष द्यायचाच नसेल, त्या स्वतःबद्दल बोलत असतील. सकाळी शर्ट कुणी काढून दिला होता, "जाऊन या" कुणी म्हटलं होतं, हे विचारून बघा. आणि मग ऐका, सल्ला देऊ नका. माझ्यासारख्याला ते जमत नाही, तुम्हाला रोजच्या कामाने जमत असेल.

केस पेपर ठेवा. अभ्यासाच्या निकषात बसणारी नोंद नात्यामुळे काढली तर उद्या दुसरी कुठली काढली असं कुणीही विचारेल. फक्त ती ओळ तुम्ही भरू नका. सोबतच्या एखाद्या सिस्टरकडून केस पेपर वाचून भरून घ्या, गाइडना कल्पना द्या, आणि ‘एक डोस’ या गटाचे दोन भाग करा: डोसला चौदा दिवस पूर्ण झालेले आणि न झालेले. सासऱ्यांची नोंद दुसऱ्या भागात जाईल. एप्रिल-मेमधले आणखी किती जण त्या भागात निघतात ते मोजा, आणि तो आकडा पहिल्याच तक्त्यात द्या.